देखभाल कोणाच्या हाती? लिनक्स मिंट काही महिने वापरल्यानंतर

कार्यप्रणालींची मोटारगाड्यांशी तुलना करताना बहुतेक जण वेग आणि रूप यांपाशीच थांबतात: विंडोज ही घरोघरची कौटुंबिक गाडी, मॅकओएस ही ऐटदार महागडी गाडी आणि लिनक्स म्हणजे कोणा हौशी मेकॅनिकने जोडलेला सांगाडा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि माझा जुना लॅपटॉप विंडोज ११ साठीच्या टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची एक चिप) च्या अटीत बसत नव्हता, म्हणून त्यावर लिनक्स मिंट २२ ही लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली बसवली. आता माझे मत असे आहे की चालवण्यात या गाड्यांत फारसा फरक उरलेला नाही. खरा फरक देखभाल कोणाच्या हाती आहे, यात आहे.

चालवण्याबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. मिंटच्या सिनामन नावाच्या डेस्कटॉपवर मेनू डाव्या कोपऱ्यात खाली असतो, ब्राउझर तोच असतो आणि लिबरऑफिसमध्ये साधी कागदपत्रे नीट उघडतात, मात्र गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी अधूनमधून विस्कटते.

बॉनेट उघडल्यावर मात्र वेगळेपण जाणवते. अपडेट मॅनेजर काय काय आले आहे त्याची यादी दाखवतो. त्यातले काय आणि केव्हा घ्यायचे हे मी ठरवतो आणि काम चालू असताना यंत्र आपणहून पुन्हा सुरू होत नाही. कर्नल म्हणजे या गाडीचे इंजिन, परंतु नवा कर्नल बसवला तरी आधीचा जागेवरच राहतो. माझ्या वायफाय चिपचा वेगळा बसवलेला ड्रायव्हर (म्हणजे ती चिप चालवणारे सॉफ्टवेअर) एका नव्या कर्नलशी जुळेना, तेव्हा यंत्र सुरू होताना येणाऱ्या ग्रब मेनूतून जुना कर्नल निवडला आणि काम पुढे चालू ठेवले. कालचे इंजिन आज पुन्हा निवडू देणारी गाडी माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे ही उपमा इथे लंगडी पडते. त्याच्या जोडीला टाइमशिफ्ट आहे, जे प्रणालीची आधीची स्थिती परत आणते; वैयक्तिक फायली मात्र ते मुळात धरत नाही, त्यांचा बॅकअप वेगळा ठेवावा लागतो.

मॅकमध्ये इंजिन आणि सांगाडा एकाच कंपनीच्या आखणीतले असल्यामुळे झाकण मिटून पुन्हा उघडण्यासारख्या गोष्टी सुरळीत होतात. त्याबदल्यात जुन्या मॉडेलला नवी आवृत्ती द्यायची की नाही, हे कंपनीच ठरवते. विंडोजची जमेची बाजू म्हणजे तिचे सुटे भाग कुठेही मिळतात. माझ्या प्रिंटरच्या निर्मात्याने लिनक्ससाठी स्कॅनिंगचे सॉफ्टवेअर दिलेलेच नाही. छपाई होते, स्कॅनिंग होत नाही. फसवणूक रोखणारी प्रणाली असलेले काही ऑनलाइन खेळही लिनक्सवर चालत नाहीत. ज्यांचे काम अशा एखाद्या सॉफ्टवेअरवर अडते, त्यांनी आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह मिंट चालवून आपले प्रत्येक उपकरण तपासावे, कारण त्यासाठी डिस्कवरचे काहीही बदलावे लागत नाही.

मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. या लॅपटॉपची बॅटरी त्याच्या बरीच आधी बदलावी लागेल, असे दिसते.