ओकापी आणि जिराफ: एकाच कुळातले दोघे

पट्टे बघून ओकापीला झेब्र्याचा भाऊबंद समजणारे आपण पहिले नाही. 1901 साली शास्त्रज्ञांनीही त्याला आधी घोड्याच्याच प्रजातीत घातलं होतं! खरा सख्खा नातेवाईक मात्र जिराफ.

जिराफ उघड्या माळावर कळपाने हिंडतो, साडेपाच मीटरपर्यंत उंच होतो. लपायचा प्रश्नच नाही. ओकापी खांद्यापाशी जेमतेम दीड मीटर, एकलकोंडा, आणि राहतो फक्त काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या घनदाट इतुरीसारख्या जंगलांत. अंग चॉकलेटी, मखमली, किंचित तेलकट, त्यामुळे पाऊस निथळून जातो. मांड्यांवरचे पांढरे आडवे पट्टे झाडीतल्या कवडशांत असे मिसळतात की मागचा अर्धा प्राणी गायबच होतो.

शिंगं जिराफात नर-मादी दोघांना. ओकापीत सहसा नरालाच. मादी मात्र नराहून थोराड.

जीभ दोघांचीही लांब, गडद. ओकापी तिनेच पाला ओरबाडतो आणि स्वतःचे कानही चाटून साफ करतो. मानेचे मणके? दोघांचेही सातच, माणसाइतके. रुबाबात जिराफ पुढे असेल, पण देखणेपणात माझं मत ओकापीला.