‘जुना स्टॉक’ म्हणून माथी मारलेले टाय रॉड एंड

ठाणे-नवी मुंबईत जुनी फियाट दुरुस्त करायला काढलेल्यांसाठी लिहितोय. "कंपनीचा जुना स्टॉक, डबा पण फोडलेला नाही" असं सांगत स्टिअरिंगचे पार्ट विकणारा एक जण सध्या या भागात फिरतोय. नाव लिहीत नाही, पद्धत सांगतो.

माझी गाडी १९७१ची फियाट डिलाईट, कुर्ल्याच्या कारखान्यातली. स्टिअरिंगला प्ले (ढिलेपणा) फार झाला म्हणून टाय रॉड एंड, म्हणजे चाकं वळवणाऱ्या रॉडच्या टोकाचे बॉल आणि पिनेचे सांधे, बदलायचे होते. गाडी पन्नास वर्षांपुढची आहे हे कळताच हा म्हणाला, "काका, व्हिंटेज गाडीचा व्हीए नंबर घेणार ना? मग अस्सलच पार्ट लागतात, नाहीतर आरटीओ पास करत नाही." साफ थाप! २०२१च्या व्हिंटेज नियमात चासी, बॉडी आणि इंजिनात फेरफार नको असं म्हटलंय, टाय रॉड एंडचं नावही नाही. पक्कं बिल मागितलं तर जीएसटीचं रडगाणं. तरी मी दोन एंड घेतले, फिटिंगही वागळे इस्टेटमधल्या त्याच्याच ओळखीच्या गॅरेजात.

माजिवड्याला अलाइनमेंटला नेली. टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल) लावावा, गाडी जरा पुढे-मागे ढकलावी, की आकडा पुन्हा वेगळाच. तिथल्या मिस्त्रीने एंड खोलला. पिनेचा टेपर (निमुळता उतार) स्टिअरिंग आर्मच्या भोकाशी जुळतच नव्हता, मधे पत्र्याची पट्टी गुंडाळून ती ठोकून बसवली होती. पट्टी पिचली की पिन हलणार, भोक लंबगोल होणार आणि एक दिवस पिन निसटून चाक मनाला येईल तिकडे वळणार. तेही घोडबंदर रोडवर, शेजारून कंटेनर जात असताना. दुसरा एंड खरोखर फियाटचा होता, पण वापरलेला: वरून काळा रंग, नवं रबर, आत ठासून ग्रीस. ग्रीस पुसल्यावर बॉल बोटांनी खुळखुळायला लागला. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी, म्हणजे फियाटच्याच घडणीच्या गाड्या, बंद झाल्या. भंगारात निघालेल्या गाड्यांचा माल असा रंगवून फिरत असावा, असा माझा संशय आहे.

म्हणून डब्यावर जाऊ नका, रबर सरकवून आत बघा. नवा बॉल हाताने वळवताना जड लागतो. पिनेवर मार्करने उभ्या रेघा ओढा, कोरड्या भोकात बसवून फिरवा. रेघा पूर्ण लांबीवर पुसल्या जायला हव्यात, एकाच कडेला पुसल्या तर टेपर वेगळा. पिन जास्त आत जाऊन तिच्यातलं स्प्लिट पिनचं (नट सुटू नये म्हणून घालायच्या खिळीचं) भोक नटाच्या खाचांपलीकडे गेलं, तरी तो पार्ट दुसऱ्याच गाडीचा. आणि एका रॉडच्या दोन एंडांपैकी एकाचे आटे सुलटे, दुसऱ्याचे उलटे असतात, त्याशिवाय रॉड फिरवून टो लावता येत नाही.

याच गृहस्थाने मला ‘खास इटलीचा’ स्टिअरिंग बॉक्सही देऊ केला होता. तिकडचं स्टिअरिंग डावीकडे, आपलं उजवीकडे. तो इथे बसवणार कुठे, हे त्यालाच ठाऊक!

पैसे मागितले तर "फिट केलेला माल परत घेत नाही" म्हणतो. ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर तक्रार नोंदवली आहे. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, डब्यांचे फोटो आणि ती पत्र्याची पट्टी जपून ठेवली आहे. तुमच्याकडे असे डबे आले असतील तर बसवण्याआधी तपासा. बसवून झाले असतील तर मिस्त्रीलाच गाडीपाशी बोलवा, चालवत नेऊ नका.