लाकडी वॉबल बोर्ड: मुरगळलेल्या पायाला मस्त, पोट कमी करायला घेऊ नका

पाय मुरगळला होता, सूज उतरली, दुखणं थांबलं तरी तोच पाय सपाट रस्त्यावरसुद्धा लचकायचा. फिजिओ मॅडम म्हणाल्या लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा) ताणलं की पाऊल कसं पडतंय ही खबर मेंदूला नीट जात नाही, स्नायू सावध होईपर्यंत घोटा वळलेला असतो. म्हणून हा वॉबल बोर्ड, म्हणजे खाली घुमट असलेली डुगडुगणारी फळी, मागवला. घोटा मुरगळलेल्यांना डुगडुगत्या फळीवर उभं करायची आयडिया काही नवी नाही, फ्रीमन या हाडांच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये १९६५ मध्येच याबद्दल लिहिलंय.

हातपाय कुठे आहेत ते न बघता कळतं, डोळे मिटून नाकाला बोट लावता येतं ना, तीच ही मेंदूला खबर देणारी जाणीव. स्नायूंमधले स्पिंडल नावाचे सेन्सर स्नायू किती ताणला गेलाय ते सांगतात, टेंडनमधले (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीतले) सेन्सर किती भार पडतोय ते. इयान वॉटरमन म्हणून एक ब्रिटिश माणूस आहे, १९७१ मध्ये १९ वर्षांचा असताना आजारपणानंतर मानेखाली ही जाणीवच गेली त्याची, ताकद शाबूत पण उभं राहता येईना, शेवटी नजरेने हातपाय सांभाळत चालायला शिकला, आणि लाइट गेले की कोसळायचा! हे वाचल्यापासून मी डोळे मिटून करायचा भाग टाळत नाही.

आणि खरी मजा तिथेच आहे. दोन पायांवर, भिंतीला हात लावून काहीच वाटत नाही, एका पायावर आलं की नडगीच्या बाजूचे स्नायू आपोआप थरथरतात, आणि डोळे मिटले की बोटं फळीला चिमटा काढल्यासारखी आवळतात आणि कडा फरशीवर टकटक आपटायला लागते. (खालच्या काकू विचारून गेल्या, वर काय ठोकताय गं. आता खाली जाड सतरंजी असते.) हल्ली एका पायावर उभं राहून सँडलचा पट्टा लावते, भिंत लागत नाही.

लाकूड दणकट आहे, पॉलिश बरं, पण वरची खरखरीत शीट कडेने सुटायला लागलीये, घामेजला पाय घसरू नये म्हणून ती हवीच. सोबतचं पुस्तक तर रद्दीत टाका, नुसते स्क्वॉट आणि पोटाची चरबी, घोट्याबद्दल एक ओळ नाही. एक स्टार त्याचा कापला.

आईबाबांसाठी घेत असाल तर आधी फिजिओला विचारा आणि बाजूला कुणीतरी उभं राहा. प्लॅस्टिकवाला स्वस्तात मिळतो, क्लिनिकमध्ये त्याच्यावर उभी राहिलेय, खालचा घुमट इतका उथळ की फारसा हलतच नाही, पण सुरुवातीला भीती वाटत असेल तर तो घ्या.