टावी: जांघेतून जमत नसेल तर कुठून?

टावी म्हणजे कॅथेटरमधून (बारीक नळीतून) महाधमनीचा व्हॉल्व्ह बसवणं. तिचा मार्ग सीटी अँजिओग्राफीवर ठरतो, कॅथलॅबमध्ये नाही. जांघेपर्यंतच्या धमन्यांचा सर्वांत अरुंद आतला व्यास, कॅल्शियमची मांडणी आणि वळणं आधी मोजून घ्या.

जांघेचा मार्ग शक्य असेल तर तोच घ्यावा. सेपियन 3 या व्हॉल्व्हचे 20, 23 आणि 26 मिमी आकार 14 फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) शीथमधून, म्हणजे धमनीत घातलेल्या वाटेच्या नळीतून जातात, त्यांना किमान 5.5 मिमी धमनी लागते. 29 मिमीला 16 फ्रेंच आणि 6 मिमी. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. वाकडी पण मऊ धमनी कडक वायरवर सरळ होते. गोलाकार कॅल्शियमने वेढलेली धमनी ताणली जात नाही, फाटते. तिथे इंट्राव्हॅस्क्युलर लिथोट्रिप्सीने (धमनीच्या आतून दिलेल्या ध्वनिलहरींच्या धक्क्यांनी) कॅल्शियमला तडे दिले, तर बऱ्याचदा दुसरा मार्ग शोधावाच लागत नाही. सुई सोनोग्राफीखाली, फेमोरल हेडच्या (मांडीच्या हाडाच्या गोळ्याच्या) पातळीवर, धमनीला फाटा फुटतो त्याच्या वर टोचावी. फार वर गेलं तर रक्त पोटामागे साचतं आणि दाबायला खाली हाड नसतं. पुढच्या भिंतीत कॅल्शियम असेल तर प्रोग्लाइडचा (धमनीचं भोक शिवणाऱ्या उपकरणाचा) टाका धरत नाही. फाटलं तर झाकायला कव्हर्ड स्टेंट (आवरण असलेली जाळी) हाताशी हवा.

जांघ खरोखरच बंद असेल, तर खरी निवड काखेची धमनी आणि कॅरोटिड (मानेतली धमनी) यांत असते. काखेतून जाताना डावी बाजू सोयीची. इव्होल्यूट या व्हॉल्व्हसाठी महाधमनीच्या मुळाचा कोन डावीकडून 70 अंशांपर्यंत चालतो, उजवीकडून जेमतेम 30. मात्र डाव्या मॅमरीचा (छातीच्या आतल्या धमनीचा) बायपास चालू असेल तर शीथमुळे त्याचाच रक्तपुरवठा अडू शकतो. त्या रुग्णात आमचा कल कॅरोटिडकडे. कॅरोटिडचा रस्ता आखूड आणि सरळ, त्यामुळे व्हॉल्व्हवर पकड चांगली येते. पण धमनी बंद असताना मेंदूला रक्त पुरवण्याचं काम दुसऱ्या बाजूकडे येतं, म्हणून दुसरी कॅरोटिड आणि सर्कल ऑफ विलिस (मेंदूच्या तळाशी धमन्यांना जोडणारं कडं) तपासल्याशिवाय चिरा देऊ नये.

ट्रान्सकेव्हल या आणखी एका मार्गात वीजप्रवाह दिलेली वायर पोटातल्या मोठ्या शिरेतून शेजारच्या महाधमनीत शिरते आणि शेवटी ते भोक निटिनॉल ऑक्लुडरने (धातूच्या जाळीच्या बुचाने) बुजवतात. महाधमनीच्या भिंतीत कॅल्शियम नसलेली खिडकी सापडली तरच हे करावं, आणि सवय असलेल्या टीमनेच.

छाती उघडणारे मार्ग आता शेवटचे. पोर्सिलेन (कॅल्शियमने कडक झालेली) महाधमनी असेल तर थेट महाधमनीचा मार्ग बाद. हृदयाच्या टोकातून जाताना डाव्या बाजूच्या पाचव्या-सहाव्या बरगड्यांमधून छोटा छेद लागतो. फुप्फुसं कमजोर किंवा पंपिंग कमी असेल तर ही किंमत जड जाते, आणि ठिसूळ स्नायूत टाके कापत जातात. इथे व्हॉल्व्ह रक्तप्रवाहाच्या दिशेने जातो, म्हणून क्रिंप करताना (व्हॉल्व्ह आवळून नळीवर बसवताना) स्कर्ट, म्हणजे व्हॉल्व्हच्या खालच्या कडेचं कापड, नळीच्या मुठीच्या बाजूला हवा. जांघेतून जाताना तोच नळीच्या टोकाकडे असतो. ही दिशा दोघांनी, वेगवेगळी, मोठ्याने तपासावी. उलटा बसलेला व्हॉल्व्ह नंतर सुलटा करता येत नाही.