एक्स-रे दुसऱ्याचा, हप्ते माझे

आधी आकडा सांगतो, आमच्या घरात तो आता पाढ्यासारखा पाठ आहे. ८४,५०० रुपये, वर प्रोसेसिंग फी १,४९९. बदल्यात काय मिळालं? एक धडधाकट दाढ उपटली, दुसरी धडधाकट दाढ पोखरली आणि जी दुखत होती ती तशीच राहिली. मी एका कंपनीत हिशेब तपासायचं काम करतो. अक्कलदाढ आणि अक्कल यांवरचे सगळे विनोद बायको आणि मेहुण्याने करून झालेत, तेव्हा तुम्हाला नवा सुचला तरी कृपया नको.

फेब्रुवारीत डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत 'मोफत दंततपासणी शिबिर' लागलं. अशा शिबिरांचं पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. एरवी मी त्या टेबलाजवळ थांबलोही नसतो. पण खालची डावी अक्कलदाढ चार दिवस ठणकत होती. मागची हिरडी टरारून सुजलेली, तोंडात घाण चव, गिळताना कानापर्यंत कळ, आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. चार रात्री डोळ्याला डोळा नाही. ज्यांची दाढ कधी दुखली नाही त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

शिबिरातून त्याच संध्याकाळी त्यांच्या क्लिनिकमध्ये. तिथे ओपीजी काढला, म्हणजे डोक्याभोवती यंत्र फिरवून अख्ख्या जबड्याचा घेतात तो एक्स-रे. दहा मिनिटांनी एक मॅडम आल्या. गळ्यात 'ट्रीटमेंट कौन्सिलर'चं कार्ड. डॉक्टर नव्हत्या, हे मला नंतर कळलं. त्यांनी मोठ्या स्क्रीनवर जबडा दाखवला. "बघा सर, चारही अक्कलदाढा अडकल्यात. आणि उजवीकडे खाली ही काळी गोल जागा दिसते ना, ती सिस्ट आहे, म्हणजे गाठ. जबडा आतून पोखरतेय. उशीर केला तर पुढे काय होईल ते मी सांगायला नको."

चारही.

माझी वरची उजवी अक्कलदाढ २०११ साली साताऱ्यात काढलेली आहे. सहाशे रुपये घेतले होते, बाबा सोबत होते, येताना आइस्क्रीम खाल्लं होतं. माझ्या तोंडात अक्कलदाढा तीनच. आणि समोर पडद्यावर चौथी दिसतेय, चांगली मुळांसकट! बरं, मी विचारलं नाही असंही नाही. म्हटलं, "मॅडम, ही वरची तर काढलीय ना माझी?" त्या एक क्षणही न अडखळता म्हणाल्या, "मूळ राहिलं असेल सर, खूपदा राहतं." आणि मी मान हलवली. रोज लोकांच्या व्हाउचरमधल्या पन्नास पैशांच्या फरकावर बोट ठेवणारा मी, स्वतःच्या तोंडातल्या दाढा मोजायला कमी पडलो. एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव, वय, तारीख असते. त्या चित्राचा कोपरा कापलेला होता. तेही मी पाहिलं होतं. पाहिलं आणि सोडून दिलं.

हिशेब असा लावला : चार दाढांची सर्जरी प्रत्येकी १४,५०० प्रमाणे ५८,०००. सिस्टची बायोप्सी ६,५००. लेझर क्लीनिंग ८,०००. शेजारच्या दोन दाढांना 'इन्फेक्शन पसरलंय' म्हणून रूट कॅनल आणि कॅप, २७,०००. एकूण ९९,५००. शिबिराची सवलत १५,०००, ती फक्त त्याच दिवशी. 'त्याच दिवशी' हे शब्द ऐकले की उठायचं, भले दाढ कितीही ठणकत असो.

मी म्हटलं एवढे पैसे नाहीत. लगेच एक मुलगा टॅब घेऊन हजर. आधार, पॅन, एक सेल्फी. "ओटीपी फक्त एलिजिबिलिटी चेकसाठी आहे सर." तो ओटीपी कर्जाचा होता. ७,०४२ रुपयांचे बारा हप्ते, आणि सगळी रक्कम त्याच दिवशी क्लिनिकच्या खात्यात. असल्या कर्जातून सुरुवातीच्या ठरलेल्या मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडता येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ते २०२२ पासून आहे, कागदात 'कूलिंग ऑफ' म्हणून लिहिलेलं असतं. माझ्या कागदात ते तिसऱ्या पानावर होतं. मी तिसरं पान उघडलं बाराव्या दिवशी.

पहिल्या बैठकीत त्यांनी वरची डावी अक्कलदाढ काढली. सरळ उगवलेली, न दुखणारी. पक्कडीने पाच मिनिटांत आली, एक टाकाही नाही. बिलात मात्र 'सर्जिकल इम्पॅक्शन', म्हणजे अडकलेली दाढ कापून काढल्याचं. दुखणाऱ्या दाढेजवळची हिरडी सुजलीय म्हणून तिला 'पुढच्या वेळी मोठे सर्जन येतील तेव्हा'. तोवर तिच्या शेजारची दाढ रूट कॅनलसाठी उघडून ठेवली. मोठे सर्जन काही आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात रात्री ताप भरला, तोंड एका बोटापुरतंही उघडेना. सकाळी बायकोने मला लोकलमध्ये घातलं आणि मुंबईतल्या सरकारी डेंटल कॉलेजात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी नवा ओपीजी काढला आणि माझ्या फोनमधला क्लिनिकवाल्यांनी पाठवलेला शेजारी धरला. "हा जबडा तुमचा नाही." फोटोतल्या जबड्यात खालच्या डाव्या दाढेत चांदी भरलेली आहे. माझ्या एकाही दाढेत भरणी नाही. म्हणजे नव्हती.

माझं खरं दुखणं असं निघालं : खालची डावी अक्कलदाढ पुढच्या दाढेवर कलून अडकलेली, अर्धी वर आलेली, तिच्यावर हिरडीचा पदर. त्या पदराखाली अन्न अडकतं आणि ते पुन्हा पुन्हा चिघळतं. त्यांनी पदराखालची घाण औषधी पाण्याने धुतली, गोळ्या दिल्या, मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा सांगितल्या. सूज उतरल्यावर हिरडी कापून, दाढेचे दोन तुकडे करून काढली. तीन टाके, सातव्या दिवशी निघाले. सही घेण्याआधी बाईंनी नीट सांगितलं होतं की खालच्या दाढांखालून एक नस जाते, क्वचित ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते. क्लिनिकमध्ये नसेचं नावही कुणी काढलं नव्हतं. कुणी एकही धोका न सांगता सर्जरीचा दर सांगत असेल तर चपला घाला. उजवीकडची खालची अक्कलदाढ पूर्ण हाडात आहे, तिला काहीच झालेलं नाही, गाठबीठ नाही. अधूनमधून एक्स-रे काढून नजर ठेवायची, बस. अडकलेली दाढ दिसली की काढलीच पाहिजे असं नसतं. केसपेपरपासून गोळ्यांपर्यंत सगळं मिळून गेले १,१८० रुपये. उघडलेल्या दाढेचं रूट कॅनल मात्र आता पूर्ण करावंच लागणार. तिला काहीही झालेलं नव्हतं.

आता तक्रारीचं ऐका. क्लिनिकचं उत्तर, "मॅनेजमेंटला कळवतो." फायनान्स कंपनीचं, "कर्ज तुमचं, सेवा त्यांची." माझी तक्रार त्यांनी तीनदा 'निराकरण झाले' म्हणून बंद केली आणि तिन्ही वेळा मला पाच तारे द्यायला सांगितलं. पोलिसांत गेलो. "डॉक्टरवर असा थेट गुन्हा घेता येत नाही साहेब, सुप्रीम कोर्टाचा २००५ चा निकाल आहे. दुसऱ्या डॉक्टरचं मत आणा." अहो, तो निकाल उपचारातल्या निष्काळजीपणाचा, इथे दुसऱ्याचा एक्स-रे दाखवलाय! तरी कॉलेजचा कागद आणला. तो उलटसुलट करून म्हणाले, "यात फसवणूक झाली असं कुठे लिहिलंय?" दुसऱ्या टेबलावर पाठवलं. तिथे, "ओटीपी तुम्हीच दिला ना?" आणखी एका कार्यालयात अर्ज चार प्रतींत मागितला, नोटरी करून. तो दिल्यावर म्हणाले, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक टाका. पावतीवर फक्त क्लिनिकचं नाव आहे. क्रमांक शोधणं कुणाचं काम? माझं! अकरा खेटे, चार रजा. पावतीवर डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक नसेल तर पैसे देऊ नका, आणि एक्स-रेची मूळ फाइल तिथल्या तिथे मागून घ्या.

शेवटी ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच ठरवलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. हप्ते थांबवले नाहीत, सिबिल खराब झालं तर घराचं कर्ज अडेल. पाच गेले, सात राहिलेत.

तो फोटो अजून फोनमध्ये आहे. डॉक्टरबाई त्याकडे पुन्हा एकदा बघून म्हणाल्या होत्या, "सिस्ट मात्र खरी दिसतेय." मी ते पोलिसांना सांगितलं, की ज्या कुणाचा हा एक्स-रे आहे त्याच्या जबड्यात गाठ आहे, त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलंय का ते तरी बघा. ते म्हणाले, "तुम्ही तुमचं बघा."