नवं ॲप लिहायचं की जुन्या कोडात शिरायचं?

ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ असो की फर्मागुडीचं अभियांत्रिकी महाविद्यालय, मुलांना मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर, शिकवायचं तर वाटा दोन. एक, स्वतःचं नवं ॲप लिहून गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, टाकायचं. बहुधा गोव्याच्या सरकारी कदंब बसच्या वेळापत्रकाचं! सत्रात बसतं, पण परीक्षा सरली की तिकडे कुत्रंही फिरकत नाही.

दुसरी वाट, २०१० पासून चालत आलेल्या लिब्रेऑफिससारख्या (कागदपत्रं, तक्ते करायचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर) प्रकल्पात शिरायची. पहिला बिल्डच, म्हणजे कोडापासून चालतं सॉफ्टवेअर तयार करणंच, तासन्‌तास चालतो, त्यात पावसाळ्यात वीज गेली की झालंच. मग नवख्यांसाठीच्या सोप्या कामांच्या, ‘ईझी हॅक्स’च्या यादीतून एखादं बारकं काम निवडायचं, बदल गेरिटवर, म्हणजे कोड तपासायच्या संकेतस्थळावर, पाठवायचा, अनोळखी माणसाचे शेरे निमूट वाचून पुन्हा लिहायचं. शेवटी चारच ओळी स्वीकारल्या जातात. तरी मी हीच घेईन, कारण दुसऱ्याचा कोड वाचायची सवय पहिल्या वाटेवर लागत नाही. त्या चार ओळींना गुण किती द्यायचे, हा मात्र मास्तरांना घोर.