एडीएचडीचा गट: झूमवर की सतरंजीवर?

मुलाच्या तपासणीत डॉक्टर प्रश्न विचारत होते आणि मी मनातल्या मनात स्वतःची उत्तरं देत होतो. सहा महिन्यांनी माझ्याही फायलीवर एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) लागलं. वय ४२. घरात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. मग आपल्यासारखी माणसं शोधताना दोन गट सापडले, दोन्ही स्वयंसेवकांनी चालवलेले, दोन्ही फुकट. वर्षभर दोन्हीकडे जाऊन पाहिलं.

झूमवाला गट बुधवारी रात्री नऊला. लातूरहून, मालवणहून, दुबईहून माणसं येतात. ज्यांनी घरी अजून काही सांगितलेलं नाही, त्यांना तर हाच बरा. नाव बदलून बसलं तरी चालतं. औषधाच्या बाबतीतही उपयोग होतो. एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे हातात चिठ्ठी असूनही चार दुकानं फिरावी लागतात. कुठल्या भागात मिळतंय हे तिथे चटकन कळतं.

दुसरा गट पुण्यातच, महिन्यातून एका रविवारी, एका शाळेच्या हॉलमध्ये, सतरंजीवर. वेळ दहाची. हॉलची किल्ली कुणीतरी घरी विसरलेलं असतं, त्यामुळे पहिली पावणेअकरापर्यंतची बैठक पायरीवरच होते. चिडायचं कुणी? सगळे एकाच माळेचे मणी. शिवाय गाडी लावायला जागा नाही आणि बोलायला बसलेले थांबत नाहीत.

एवढं असून माझं पारडं कुठे झुकलं, ते सांगतो. झूमवर मी ज्या पडद्यावर असतो, त्याच पडद्यावर आणखी चौदा टॅब उघडे असतात. एका बुधवारी एक बाई नोकरी गेल्याचं सांगत होत्या. मी कॅमेरा बंद करून कपड्यांच्या घड्या घालायला लागलो, मग फ्रीज पुसला, मग मिक्सरच्या भांड्याच्या रबराची किंमत शोधली. "तुम्हाला काय वाटतं?" असं माझं नाव घेऊन विचारलं तेव्हा माझ्या हातात फडका होता. ज्या दुखण्यासाठी गेलो, तेच तिथे मोकाट सुटतं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सगळ्यांचं असं होत असेल असं नाही; मांडीवर शिवण घेऊन नीट ऐकणाऱ्या दोघी-तिघी मला माहीत आहेत.

सतरंजीवर हे जमत नाही. शेजारचा माणूस पाय हलवतोय, मीही हलवतोय, पण उठून फ्रीज पुसता येत नाही. एका आईने मुलाची फाईलच समोर उघडून ठेवली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी वेगळं नाही. त्यामुळे सवलतीसाठी कुठला कागद कुठे लावायचा, ते तिने बोट ठेवून दाखवलं. तोच कागद ऑनलाइन गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही आला होता. गुड मॉर्निंगच्या फुलांखाली तो कुठे गेला, कोण जाणे.

तुम्ही बाहेरगावी असाल, घरात तान्हं मूल असेल, किंवा ओळख उघडी पडायला नको असेल, तर झूम. पुण्या-मुंबईत असाल आणि एखादा रविवार काढता येत असेल, तर आधी सतरंजीवर बसून बघा, निदान तीनदा. पहिल्या खेपेला मीही चहा होताच सटकलो होतो.

हल्ली किल्ली माझ्याकडे दिली आहे. दुसरी मी समोरच्या वाण्याकडे ठेवलीय.